केशरी भातातला भात

गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी रेल्वे ही तांदळाची रेल्वे आहे. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, तळोधी रोड, सिंदेवाही, मूल मारोडा अशी एकेक स्थानकं मागे पडतात आणि खिडकीबाहेरच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, काही संपत नाहीत. मध्येच जंगल येतं, एखादा जुना मालगुजारी तलाव चमकून जातो, की पुन्हा बांध्या सुरू. दिवाळीच्या आठवड्यात या वाटेने गेलात तर हलकं, म्हणजे लवकर येणारं धान कापून झालेलं असतं आणि भारी, म्हणजे उशिरा येणारं धान पिवळं होत उभं असतं. पुण्यामुंबईच्या घरांत पाडव्याच्या ताटात केशरी भाताची मूद पडते, तेव्हा इकडे भात पिकवणारा माणूस विळा घेऊन बांधीत वाकलेला असतो, नाहीतर रानडुकरं हाकायला रात्री माळ्यावर बसलेला असतो.

केशरी भाताची गोष्ट लोक काश्मीरपासून सुरू करतात. पांपोरची जांभळी फुलं, त्यातले तीन लाल तंतू, सोन्याशी तुलना. त्या वाटेने मीही थोडं जाणार आहे, कारण केशर घेताना गिऱ्हाईक कसं नाडलं जातं ते सांगायलाच हवं. पण एक किलो तांदळाच्या केशरी भातात केशर असतं फार तर अर्धा ग्रॅम. बाकीचा किलोभर भात कुठून आला, तो वाण कुणी शोधला, हे पंगतीत कुणी विचारत नाही. गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात पोहोचलेल्या बारीक तांदळांपैकी एका फार मोठ्या नावाचा उगम चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात आहे. ते नाव एचएमटी.

आधी एक कबुलीवजा खुलासा झाडीपट्टीच्या वतीने. केशरी भात हा इथला पिढीजात पदार्थ नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत तांदूळ हेच अन्न, त्यामुळे तांदळाचे प्रकार पुष्कळ: साधा भात, आंबील, पोहे, मुरमुरे, अनारसे, पिठाचे आयते. गोडाला खीर किंवा गूळ. एटापल्ली-भामरागडकडे सरकलात तर गोडवा मोहफुलांचा. नवं धान घरात आलं की ते आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं आणि मग आपण खायचं, ही रीत गोंड-माडिया गावांत आजही आहे, आणि त्या ताटात केशराचं काही काम नसतं.

केशरी भात इथे शहरांतून आला. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा इथल्या मुस्लिम घरांच्या लग्नांत जर्दा होता. नोकरी-वकिलीच्या निमित्ताने स्थिरावलेल्या घरांत साखरभात आणि नारळीभात होता. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ निघालं आणि पश्चिम महाराष्ट्राच्या स्वयंपाकाची मापं वाटी-चमच्यांत सगळीकडे पोहोचली, त्यात हे भातही आले. दक्षिणेच्या टोकाला, सिरोंच्यात, प्राणहिता-गोदावरीच्या काठी स्वयंपाकाची बोली तेलुगू. तिथला पिवळा भात चिंच-हळदीचा, आंबट. आता मंगल कार्यालयातल्या पंगतीत भडक नारिंगी ‘गोड भात’ दिसतो, त्यात टूटीफ्रूटीचे लाल-हिरवे तुकडे असतात. तो केशरी आहे म्हणजे रंगाने केशरी आहे, एवढंच.

म्हणून झाडीपट्टी आणि केशरी भात यांचं नातं पाककृतीचं नाही, कच्च्या मालाचं आहे.

झाडीपट्टीतलं धान हे पाण्याचं गणित आहे. पाऊस चांगला पडतो, पण सगळा चार महिन्यांत, आणि ऑक्टोबरमध्ये लोंबी भरताना एक पाणी कमी पडलं तर हातचं पीक जातं. म्हणून इथल्या लोकांनी शतकानुशतकं तलाव बांधले. कोहळी समाजाचं तलाव बांधण्याचं कसब या भागात वाखाणलं जातं. गोंड राजांच्या काळात त्याला राजाश्रय होता. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून हे मालगुजारी तलाव, बोलताना ‘मामा तलाव’. नागभीड तालुक्यातला घोडाझरी आणि सावलीकडचा आसोलामेंढा हे त्यांच्यापेक्षा मोठे, इंग्रजी अमदानीतले. गाळ साचलेला, पाळ खचलेली, गेट गंजलेलं, अशा अवस्थेतले लहान तलावही अजून बांध्यांना शेवटचं पाणी देतात.

जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपं करायची, जुलै-ऑगस्टमध्ये चिखलणी करून रोवणा, म्हणजे लावणी. ज्याला पाण्याचा भरवसा नाही तो आवत्या टाकतो, म्हणजे थेट बी फेकतो. रोवण्याच्या दिवसांत बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटाभर चिखलात वाकून असतात. मग खोडकिडा, गादमाशी, करपा आणि शेवटी तुडतुडा. तुडतुडा लागला की उभं धान चार दिवसांत वाळून गोल-गोल बसतं. हे सगळं पार पाडून कापणी आली की दुसरी काळजी असते ती वाघाची. ब्रह्मपुरी वनविभाग हा ताडोबाबाहेर वाघ नांदणारा महाराष्ट्रातला प्रमुख टापू. सिंदेवाही, सावली, मूल, नागभीड या तालुक्यांत बांधी आणि जंगल यांच्यामध्ये बांधाइतकीच हद्द असते. कापणीला वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, असं इथले जुने लोक सांगतात. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२१ पासून हत्तीही आले, छत्तीसगडच्या बाजूने. धानोरा, कुरखेडा, आरमोरी, देसाईगंजच्या शिवारात रात्रीतून पुंजणेच्या पुंजणे तुडवले गेले. पुंजणा म्हणजे कापून रचलेल्या भाऱ्यांची गंज. वर्षाची सगळी कमाई एका जागी रचलेली.

अशाच जंगलाला लागून असलेल्या शेतात दादाजी रामाजी खोब्रागडे यांना एचएमटी सापडलं. गाव नांदेड, तालुका नागभीड. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. हा घोटाळा इतका होतो की तांदूळ विकणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकराच्या आसपास. साल १९८३. शेतात ‘पटेल ३’ हा त्या वेळचा लोकप्रिय वाण होता, जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेला. त्या पिकात दादाजींना तीन लोंबी वेगळ्या दिसल्या, दाण्याचा रंग पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलं आणि पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध सहा फुटांच्या जागेत लावलं. भोवती काट्यांचं कुंपण, कारण रानडुकरं.

यानंतर जे झालं त्याला संशोधनाच्या भाषेत निवड पद्धत म्हणतात. दादाजींसाठी ते दरवर्षी एकेक लोंब हातात घेऊन बघणं होतं. वेगळं दिसेल ते ठेवायचं, बिघडलेलं काढायचं, पुन्हा लावायचं. घरात शिजवून बघायचं, चव कशी लागते, दाणा मोकळा राहतो का. १९८८ पर्यंत वाण स्थिर झाला होता. १९९० मध्ये गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने दीडशे किलो बी चार एकरांत लावलं, पन्नास क्विंटल धान झालं आणि ते तळोधीच्या बाजारात गेलं. बाजारात नाव विचारलं तर नावच नव्हतं. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकांच्या मनगटावर मिरवत होती, व्यापाऱ्याने तेच नाव देऊन टाकलं. एका सरकारी घड्याळ कंपनीचं नाव तांदळाला लागलं ते असं, आणि घड्याळं बंद पडली तरी तांदूळ चालू आहे.

१९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या धान संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बी नेलं. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाचा वाण प्रसारित केला. विद्यापीठाची बाजू अशी की मूळ वाण मिश्र होता, त्यातून शुद्ध निवड केली. दादाजींची बाजू अशी की बी माझं, निवड माझी, आणि नावाला मी नाही. दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की शुद्धीकरण हे खरं काम आहे आणि त्याचं श्रेय विद्यापीठाला मिळायला हरकत नाही. पण ज्या पाच किलो बियाण्यावर ते झालं त्याच्या मालकाचं नाव कागदावर ठळक लिहायला एका ओळीचा खर्च होता. तो केला गेला नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येईल असा कायदा देशात आला तो २००१ मध्ये. तोवर एचएमटी पाच राज्यांत पसरलं होतं.

पुरस्कार मात्र आले. जानेवारी २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. उद्योजक हा शब्द दीड एकराच्या धनकऱ्याला कसा वाटला असेल कुणास ठाऊक. एचएमटीनंतरही ते थांबले नव्हते: नांदेड ९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा डीआरके असे वाण त्यांनी काढले. ३ जून २०१८ रोजी, आजारपण आणि पैशांची ओढाताण यांतच, ते गेले. बियाण्याच्या प्रत्येक पिशवीमागे एक रुपया जरी त्यांच्या नावे जमा झाला असता तरी शेवटचा उपचार उसनवारीवर आला नसता.

आता बाजाराकडे. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, देसाईगंज इथे राइस मिल आहेत. शेतकरी स्वतःचं धान भरडायला आणतो तेव्हा त्याचे तीन वाटे होतात: तांदूळ, कनकी आणि कोंडा, शिवाय उडून जाणारा तूस. सरकारी हिशेबात एक क्विंटल धानाला ६७ किलो तांदूळ धरतात. बारीक धान गिरणीत तुटलं तर कनकी वाढते आणि भाव पडतो. एचएमटी गिरणीवाल्यांना आवडलं त्याचं एक कारण तो दाणा कमी तुटतो. जाडं धान बहुतांशी आधारभूत खरेदी केंद्रावर जातं. गडचिरोलीत ती खरेदी मुख्यत्वे आदिवासी विकास महामंडळ गावोगावच्या सहकारी संस्थांमार्फत करतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी आधारभूत भाव साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाला २,३८९ रुपये आहे. बारीक धान व्यापाऱ्याकडे जातं, कारण तिथे सहसा चार पैसे जास्त मिळतात.

थोडा हिशेब करून बघू. एक किलो तांदळाला दीड किलो धान लागतं. ‘अ’ दर्जाच्या आधारभूत भावाने त्याचे ३५-३६ रुपये होतात. तोच एचएमटी दुकानात साठच्या आसपास मिळतो. या किलोभर तांदळाच्या केशरी भाताला अर्धा ग्रॅम केशर घातलं आणि ग्रॅमला ३०० रुपये धरले, जे चांगल्या केशराला कमीच आहेत, तर केशर झालं १५० रुपयांचं. म्हणजे पातेल्यात जे दिसतही नाही त्याची किंमत सगळ्या तांदळाच्या अडीचपट, आणि धनकऱ्याच्या वाट्याच्या चौपट. यात काश्मिरी शेतकऱ्यावर माझा राग नाही. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, म्हणजे आपल्या अर्ध्या ग्रॅमला पाऊणशे फुलं कुणीतरी पहाटे वाकून खुडलेली असतात आणि प्रत्येकातून तीन तंतू हाताने वेगळे केलेले असतात. वाकणारी माणसं दोन्हीकडे आहेत.

अकबराच्या मुदपाकखान्यातला पिवळा भात ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेला आहे: दहा शेर तांदूळ, पाच शेर खडीसाखर, साडेतीन शेर तूप, अर्धा-अर्धा शेर मनुका, बदाम, पिस्ते, थोडं मीठ, थोडं आलं, दालचिनी आणि केशर दीड दाम. अकबराने शेर तीस दामांचा केला होता, त्या हिशेबाने केशर तांदळाच्या दोनशेव्या हिश्शाचं. म्हणजे किलोला पाच ग्रॅम! आपण घालतो त्याच्या दहापट. साखर मात्र तांदळाच्या निम्मी, तर आपल्या साखरभातात साखर तांदळाइतकी किंवा दीडपट. केशर परवडेना तसतशी आपण साखर वाढवत गेलो, अशी मला शंका आहे. पुरावा नाही, पण ताटात पडलेला भात खाऊन ती बळावते.

केशर घेण्याबद्दल. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात त्याची दोन नावं ऐकाल: मोगरा, म्हणजे फक्त गडद लाल टोकं, आणि लच्छा, ज्यात खालचा पिवळा देठही असतो. मोगरा महाग, कारण रंग आणि वास त्यातच. आपल्याकडे विकलं जाणारं पुष्कळ केशर इराणी असतं, आणि त्यात वाईट काही नाही. जगातलं बहुतेक केशर तिथेच पिकतं. वाईट आहे ती भेसळ. करडईच्या पाकळ्या, मक्याची केसं, रंगवलेले धागे, वजन वाढवायला लावलेलं तेल किंवा साखरेचं पाणी. करडई तर विदर्भ-मराठवाड्याचंच पीक, तिच्या वाळलेल्या पाकळ्या दिसायला केशरासारख्या आणि भाव कवडीमोल.

ओळखायची रीत सोपी आहे. कोमट पाण्यात दोन तंतू टाका. खरं केशर घाईत नसतं. पाणी हळूहळू सोनेरी पिवळं होतं आणि तंतू बराच वेळ लालच राहतो. टाकताक्षणी लाल रंग सुटला आणि धागा पांढरा पडला तर ते केशर नाही. खऱ्या तंतूचं एक टोक तुतारीसारखं पसरट असतं. चव कडसर, वास मधाकडे झुकणारा. गोड लागलं तर साखर लावली आहे. कागदावर दाबून तेलाचा डाग पडतो का बघा. आणि डबीवर पॅकिंगची तारीख वाचा. केशराचा वास वर्षागणिक उतरतो.

रंगाच्या पुडीबद्दल एवढंच. मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग, अन्नात बंदी असलेला, तरी पिवळ्या पदार्थांच्या तपासणीत सापडत राहतो. टार्ट्राझिन, सनसेट यलो हे कायद्याने चालणारे रंग, पण तेही ठरावीक पदार्थांत आणि किलोला १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. आचाऱ्याच्या चिमटीला ही मर्यादा ठाऊक नसते. पंगतीतला भात खाल्ल्यावर बोटं नारिंगी राहिली तर काय खाल्लं ते समजून घ्यावं. त्यापेक्षा हळदीची चिमूट बरी; तिला केशराचा वास नाही, पण ती खोटंही बोलत नाही.

गंमत म्हणजे केशराच्या रंगाचं रसायन झाडीपट्टीच्या जंगलातही आहे. केशराचा पिवळा रंग क्रोसिनचा, आणि त्याच कुळातलं रंगद्रव्य पारिजातकाच्या नारिंगी देठात असतं. पारिजातक मध्य भारताच्या कोरड्या डोंगरउतारांवर आपोआप वाढतो. त्याच्या देठांनी पूर्वी रेशीम रंगवत. पळसाचं तर विचारायलाच नको. फाल्गुनात ताडोबापासून आलापल्लीपर्यंत जंगल पेटल्यासारखं दिसतं आणि होळीचा रंग त्या फुलांचा. पण वास नाही. केशराची किंमत रंगासाठी नसून वासासाठी आहे, हे पळसाखाली उभं राहिलं की कळतं.

आता करणं. पहिला नियम तांदळाचा: जुना हवा. नव्या तांदळाचा भात चिकटतो. धान वर्षभर मुरलं की दाणा पाणी जास्त घेतो, फुलतो आणि मोकळा राहतो. केशरी भातात पुढे साखर पडायची असते, तिथे चिकट भाताचा लगदा झालाच म्हणून समजा. सुदैवाने पंचांग आपल्या बाजूचं आहे. एचएमटी हे भारी धान, दिवाळीत अजून बांधीत असतं. त्यामुळे दिवाळीला दुकानात जो एचएमटी मिळतो तो गेल्या हंगामाचा, जवळजवळ वर्ष झालेला, अगदी हवा तसा. केशराचं नेमकं उलटं. पांपोरला फुलं येतात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, आपल्या दिवाळीच्या तोंडावर. नवं केशर बाजारात यायला वेळ लागतो. तरी मिळेल तितकं नवं घ्यावं. तांदूळ जुना, केशर नवं.

एक वाटी तांदूळ हलक्या हाताने धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. केशराच्या दहा-पंधरा काड्या गरम पळीत क्षणभर ठेवल्या की कुरकुरीत होतात. मग खलात चिमूटभर साखरेबरोबर खला आणि दोन चमचे कोमट दुधात भिजत घाला. तुपात घालू नका. केशराचा रंग पाण्यात उतरतो, तुपात नाही. फोडणीत टाकलेलं केशर म्हणजे पैसे जाळणं. तुपावर चार लवंगा, त्यावर तांदूळ परतून दोन वाट्या आधणाचं पाणी, चिमूटभर मीठ, लिंबाचे चार थेंब. भात पुरता शिजू द्या. इथेच बहुतेकांचा घात होतो. पुढे पाकात शिजेल म्हणून लोक भात बोटचेपा ठेवतात, आणि साखर पडली की ती पाणी ओढून घेते, अर्धकच्चं शीत तिथेच अडतं. मग कितीही वाफ द्या, भात टचटचीत तो टचटचीतच. साखर भाताला मऊ करत नाही, कडक करते. हे एकदा डोक्यात बसलं की केशरी भात बिघडत नाही.

शिजलेला भात परातीत पसरून गार करा. पाऊण वाटी साखरेचा एकतारी पाक करा. वाटीला दीड वाटी साखर हे जुनं माप मी सोडून दिलं आहे, त्याने केशर मरतं. पाकात भात घालून केशराचं दूध ओता, हलक्या हाताने वरखाली करा, बेदाणे-काजू तुपात परतून घाला आणि खाली तवा ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं दम द्या. बासमती इथे मोडते, लांबीमुळे. एचएमटी आखूड आणि बारीक, ढवळताना सांभाळावं लागत नाही. भंडारा-बालाघाटकडचा चिन्नोर सुगंधी आहे, बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये मानांकनही मिळालं. पण तो वरणभाताला ठेवा. त्याचा स्वतःचा वास केशराशी भांडतो आणि दोघेही हरतात.

एक अडचण उरते: एचएमटी म्हणून जे मिळतं ते एचएमटी असतं का? नाव इतकं चाललं की आता कुठल्याही बारीक तांदळाच्या गोणीवर ते छापलेलं दिसतं. ते नाव कुणाच्या मालकीचं नसल्याने त्यावर दावा सांगणाराही कुणी नाही. चंद्रपूरच्या एचएमटीला भौगोलिक मानांकन मिळावं, त्या नोंदीत दादाजी खोब्रागड्यांचं नाव असावं आणि त्यातून येणारा पैसा नागभीड-सिंदेवाहीच्या धनकऱ्यांकडे वळावा, ही मागणी कृषी विभागाने आणि विद्यापीठाने मिळून पुढे न्यायला हवी. ज्या केंद्राने पाच किलो बी नेलं त्याच केंद्राकडे वाणाची सगळी माहिती आहे. अर्ज लिहायला त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं कुणी नाही.

तोवर वाचकांपुरतं सांगायचं तर, नागपूरहून ताडोबाला जाणारे पुष्कळ जण मूल, सिंदेवाही किंवा नागभीडवरून परततात. गाडीत जागा असते. गिरणीवर थांबा, गेल्या हंगामाचा एचएमटी आहे का विचारा, मूठभर हातात घेऊन कनकी किती आहे ते बघा आणि दहा किलो घेऊन या. शेतकऱ्यानेच भरडून ठेवलेला मिळाला तर भाव करू नका.